डाकू नंबर चार

बायको गेली त्याच आठवड्यात त्याने हातातल्या सगळ्या गाद्या पूर्ण करून दिल्या. एकाही गिऱ्हाइकाला थांबवलं नाही. शेजारचा कुलूपवाला दुकानाच्या पायरीशी येऊन म्हणाला, "अरे, चार दिवस बस की घरी. गाद्या काय पळून जातायत?" त्याने दाभणात सुतळी ओवता ओवता नुसती मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे कुलूपवाल्याला कळलं नाही. बहुतेक त्याचं त्यालाही कळलं नसावं.

त्याला सगळे आपट्या म्हणत. गादीवाल्याला असलं नाव का पडलं, हे आता गल्लीतल्या जुन्या लोकांनाच ठाऊक होतं, आणि जुने लोक तरी असे किती उरले होते!

तो तरुण असताना गल्लीच्या टोकाला एक बंद पडलेली साबणाची फॅक्टरी होती. तिथे एक सिनेमावाला येऊन बसला आणि हाणामारीचे सिनेमे काढू लागला. गोष्ट दर वेळी एकच. बर्फाळ डोंगरातल्या मठात हिरो मुठी आणि लाथा शिकतो, दुष्टांची टोळी येऊन गुरूला मारते आणि हिरो सूड घेतो. बर्फाचा डोंगर म्हणजे रंगवलेला पडदा, आणि खिडकीतून वारा आला की डोंगर हलायचा. हिरो म्हणजे शाळेतला ड्रिल मास्तर. गुरू म्हणजे नाक्यावरचा म्हातारा न्हावी, कारण पांढरीशुभ्र लांब दाढी गावात त्याचीच होती. लोकांच्या दाढ्या करून करून स्वतःची करायचा त्याला कंटाळा आला होता म्हणे.

सिनेमावाल्याला सगळे 'पुढचा साहेब' म्हणत. फिल्मचं रीळ महाग, त्यामुळे तो एक दृश्य कधी दुसऱ्यांदा घेत नसे. हिरोचा टोप सरकला, मेलेल्या माणसाने नाक खाजवलं, डाकूच्या मनगटावर घड्याळ चमकलं, काहीही होवो, साहेब हात झटकून ओरडायचा, "असू दे, पुढचा!"

आपट्या तिथे गाद्या पोचवायला जायचा. माणसं भिंतीवरून, छपरावरून, गाडीच्या टपावरून पडत, त्यांच्याखाली घालायला गाद्या लागत. एक दिवस पडणारा गडी दाढ दुखते म्हणून आलाच नाही. साहेबाने इकडेतिकडे पाहिलं आणि याला बोट दाखवलं.

"तू गादीवाला ना?"

"हो."

"मग गादी कुठेय ते तुला माहीत आहे. चढ वर आणि पड."

तो चढला आणि पडला. पडला तो असा पडला की साहेब पहिल्यांदाच 'पुढचा' म्हणायचं विसरला. बाकीचे गडी पडताना एकदा तरी मागे वळून बघायचे. जीव कोणाला प्यारा नसतो? याने मागे पाहिलंच नाही. खालची गादी त्याने स्वतः भरली होती, कापूस कुठे किती आहे हे त्याला ठाऊक होतं, मग बघायचं काय? त्या दिवसापासून तो आपट्या झाला. सकाळी दुकान, दुपारनंतर मरण. श्रेयनामावलीत तो कधी 'डाकू नंबर चार' असायचा, कधी 'पहारेकरी', आणि बऱ्याचदा नसायचाच.

डाकू असायचे एकूण सहा, पण टोळी दिसायला हवी चाळिसाची. म्हणून एकदा मेलेला माणूस मिशी लावून परत यायचा आणि पुन्हा मरायचा. आपट्या संध्याकाळी घरी आला की बायको दारातच विचारायची, "काय, आज किती वेळा मेलात?" तो बोटं दाखवायचा आणि ती हसत चहा टाकायला वळायची. ती कशालाही हसायची. दूध उतू गेलं तरी हसायची, सासूबाई रागावल्या तरी पदराआड हसायची. तिच्या हसण्याने घरातली बरीच भांडणं अर्ध्यावरच गारठत.

पुढे असल्या सिनेमांचे दिवस सरले. साहेब गाशा गुंडाळून गेला तो गेलाच. फॅक्टरी पाडून तिथे इमारत उभी राहिली. आपट्याचा एक गुडघा कायमचा दुखरा झाला, एवढीच काय ती कमाई. तो पूर्णवेळ गाद्यांकडे वळला, लेक शिकली, रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागली. वर्षं कशी गेली ते विचारलं तर त्याला सांगता आलं नसतं. चांगलीच गेली असावीत, कारण लक्षात राहण्यासारखं वाईट फार काही नव्हतं.

मग बायको आजारी पडली. आजार लांबला नाही. शेवटच्या सकाळी तो हॉस्पिटलात तिच्या खाटेशी बसून संत्रं सोलत होता. नर्स आली, तिने नाडी पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं. त्याला कळलं. तरी त्याने संत्रं पूर्ण सोललं, फोडी वेगळ्या केल्या, त्यांच्यावरचे पांढरे धागेही काढले. आता या फोडी द्यायच्या कोणाला, ते त्याला सुचेना. शेवटी त्याने त्या नर्सच्या हातावर ठेवल्या. ती बिचारी त्या घेऊन तशीच उभी राहिली.

तेव्हापासून त्याला काहीच वाटत नव्हतं. म्हणजे दुःख होत होतं आणि तो ते दाबत होता, असंही नाही. लोक भेटायला येत, रडत, तो त्यांना पाणी देई. बायकोची बहीण त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली, तेव्हा खिडकीची कडी ढिली झाली आहे, इकडेच त्याचं लक्ष होतं. ती घरी परतल्यावर त्याने कडी घट्ट केली. एकदा दाभण बोटात शिरलं, तर खोळीच्या कापडावर लाल डाग दिसल्यावर त्याला समजलं. जेवण समोर आलं की तो जेवे, दिवा घालवला की झोपे. झोपही लागे. हेच लेकीला सगळ्यात जास्त खुपत होतं.

"बाबा, एकदा रडून घ्या हो," ती म्हणायची.

"येत नाही गं."

"प्रयत्न तरी करा."

"ते काय शिंक आहे, तपकीर ओढली की यायला?"

हे तो विनोदाने म्हणाला नव्हता. लेकीला मात्र हसू आलं, आणि हसता हसता तीच रडायला लागली. तो तिच्यासाठी पाणी घेऊन आला.

अशात एकदा लॅबमध्ये जेवायच्या सुट्टीत लेकीच्या शेजारी बसणाऱ्या पोराने तिच्यापुढे फोन धरला. तो हसून हसून लाल झाला होता. "हे बघ, हे बघ! हा माणूस एकाच सिनेमात दोनदा मरतो. आधी दारात तलवारीने, मग मिशी लावून येतो आणि विहिरीत पडतो. आणि विहिरीत पडताना मिशी वरच राहते!"

लेकीने पाहिलं. मिशी खरोखरच विहिरीच्या काठाला चिकटून राहिली होती.

"हे माझे बाबा आहेत," ती म्हणाली.

पोराचा घास घशात अडकला. त्याने आधी माफी मागितली, मग विश्वास बसेना म्हणून पुन्हा विचारलं, आणि मग एकदम उठूनच उभा राहिला. त्याची एक मैत्रीण होती. ती आणि तिची मंडळी रविवारी दुपारी एका जुन्या बॅडमिंटन हॉलमध्ये असले सिनेमे शोधून शोधून लावत. शंभरेक माणसं जमत. "तिथे तुझ्या बाबांना सगळे ओळखतात," तो म्हणाला. "म्हणजे नाव नाही माहीत कोणाला. पण ते पडले की टाळ्या पडतात."

लेक दोन दिवस मनाशी घोळवत राहिली. आपल्या बापाला हसणाऱ्या लोकांत नेऊन बसवायचं? त्यातून हे असे दिवस. पण घरातली ती शांतता तिला खायला उठत होती. राग आला तर राग, वाईट वाटलं तर वाईट, काहीतरी तर वाटेल, असा तिने विचार केला आणि बापाला विचारलं.

"जाऊ या की," तो म्हणाला. फळीवरच्या डब्यात तूरडाळ आहे का असं विचारलं असतं, तरी त्याने त्याच आवाजात उत्तर दिलं असतं.

हॉलमध्ये लोखंडी घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. दारात एक चष्मेवाली मुलगी उभी होती. हा सगळा खटाटोप तिचाच. तिने याला पाहिलं आणि तिचे हात नकळत जोडले गेले. मग म्हणाली, "काका, तुमची ती पाण्याच्या टाकीवरची उडी मी किती वेळा पाहिलीये काय सांगू!"

"टाकी पुठ्ठ्याची होती," तो म्हणाला.

"माहितेय! दिसतं ना!" ती आनंदाने म्हणाली.

लेकीला ते लागलं. ती जरा तोडूनच म्हणाली, "एवढी चेष्टाच करायची असेल तर नीट चांगले सिनेमे सोडून हे कशाला बघता?"

मुलीने चष्मा पुसला. "चेष्टा करतो, खोटं कशाला बोलू. पण ताई, चांगल्या सिनेमात डोंगर म्हणजे डोंगरच असतो. आपण बघतो आणि घरी जातो. इथे डोंगर हलतो, आणि मग त्याच्यामागे पडदा धरून उभा राहिलेला माणूस दिसतो. तो कंटाळलाय, त्याला भूक लागलीये, पण त्याने पडदा सोडलेला नाही. मला तो माणूस फार आवडतो. आमच्यातल्या सगळ्यांनाच आवडतो."

आपट्या म्हणाला, "पडदा न्हाव्याचा मेहुणा धरायचा. एकदा उभ्या उभ्या झोपला होता." मुलीने हे ऐकून हातातला कागद छातीशी धरला.

सिनेमा सुरू झाला. हा त्याने कधी पाहिलेला नव्हता. त्याने फारसे पाहिलेच नव्हते. हे सिनेमे लांबच्या गावांतून तंबूत लागत आणि आठवड्याभरात उतरत. ड्रिल मास्तर पडद्यावर आला आणि हॉल शिट्ट्यांनी दणाणला. त्याचा आवाज थांबला तरी ओठ हलतच होते, आणि ओठ थांबल्यावर भलताच जाडा आवाज येत होता. सहा डाकूंनी त्याला घेरलं. पाच जण शहाण्यासारखे हातपाय हलवत जागच्या जागी नाचत राहिले आणि एकेक जण आपला नंबर आल्यावर मार खायला पुढे गेला. मूठ हनुवटीपासून वीतभर लांबून गेली, तरी आवाज ओला टॉवेल फरशीवर आपटावा तसा आला. लोक हसत होते, टाळ्या देत होते, संवाद पाठ असल्यासारखे बरोबर म्हणत होते. लेकीने बापाकडे पाहिलं. तो बसस्टॉपवर बसावा तसा बसला होता.

मग दारातलं मरण आलं. तलवार त्याच्या काखेतून गेली, तो गर्रकन फिरला आणि पडला. सगळा हॉल उभा राहिला. "वाऽऽ काका!" असं कोणीतरी ओरडलं. त्याने दुखरा गुडघा चोळला. ते दार त्याला आठवत होतं. बिजागरी गंजलेली होती.

पुढचं दृश्य गावाबाहेरच्या दगडखाणीत घेतलेलं होतं. डाकूंनी गावावर हल्ला केला आहे, गावकरी सैरावैरा पळताहेत. गावकरी होते पाच-सहाच, तेच इकडून तिकडे आणि तिकडून इकडे धावत होते. मधोमध आपट्या मेलेला पडला होता, तोंड जमिनीत खुपसून, कारण मेलेली माणसं कमी पडत होती आणि साहेबाने याला इथेही निजवलं होतं. एवढ्यात डावीकडून एक बाई आली. डोक्याला रुमाल, हातात डबा. बाकीचे किंचाळत होते आणि ही हसत होती. चांगली दात दाखवून, पोट धरून हसत पळत होती. मेलेल्या माणसापाशी आली, साडी घोट्यापर्यंत उचलली, त्याला ओलांडून टुणकन उडी मारली, मान खाली करून त्या प्रेताला काहीतरी म्हणाली आणि उजवीकडून निघून गेली.

हॉलमध्ये हसण्याचा नुसता स्फोट झाला. "पुन्हा! पुन्हा!" असा गलका झाला. मागे मशीनपाशी बसलेल्याने सिनेमा मागे नेला. बाई पुन्हा डावीकडून आली, पुन्हा हसली, पुन्हा उडी मारून गेली. लोक खुर्च्या बडवत होते. "अजून एकदा!"

लेक उठून उभी राहिली होती. तिचा हात तोंडावर होता. चष्मेवालीने ते पाहिलं आणि ती धावत आली. "काय झालं ताई?"

"ती आई आहे," लेक म्हणाली. "माझी आई. दीड महिना झाला."

चष्मेवालीने मागे वळून हात वर केला. सिनेमा थांबला, तो नेमका उडीवरच. बाई हवेत होती. पुढच्या रांगेतून मागच्या रांगेकडे कुजबुज गेली आणि हळूहळू सगळा हॉल गप्प झाला. खुर्ची सरकल्याचाही आवाज येईना.

आपट्या पडद्याकडे बघत होता. तो दिवस त्याला आठवला, पण पाठीमागून आठवला. तो डबा विसरून गेला होता. उन्हात तोंड खाली करून पडला होता, नाकात धूळ जात होती. कोणीतरी वरून गेलं, चपलेचा आवाज आला, एवढंच. संध्याकाळी बायको म्हणाली होती, "अहो, मला पण पळवलं हो तुमच्या साहेबांनी." तो दमला होता. हं म्हणाला आणि झोपला. तिने पुन्हा तो विषय काढला नाही, किंवा काढला असेल तर त्याने ऐकला नसेल.

"काका," चष्मेवाली त्याच्या खुर्चीशी बसली. "आम्हाला माहीत नव्हतं हो. बंद करू का?"

"नको. जरा मागे घ्या."

मागे बसलेल्याने सिनेमा मागे घेतला. बाई आली, हसली, उडी मारली. या वेळी कोणी हसलं नाही. तिच्या तोंडचे शब्द सिनेमात नव्हतेच. त्यांच्या जागी कोणाची तरी लांबलचक किंकाळी भरली होती.

"काय म्हणतायत त्या?" चष्मेवालीने हळूच विचारलं.

तो पुढे वाकला. "अजून एकदा."

पुन्हा बाई आली.

"'डबा' म्हणतेय," तो म्हणाला. "'ब'ला ओठ मिटतात बघा. डबा आणलाय, असं काहीतरी." त्याने पडद्यावरच्या प्रेताकडे बोट दाखवलं. "मी मेलो होतो ना, उत्तर कसं देणार? हललो असतो तर साहेब ओरडला असता."

कोणाला तरी हसू फुटलं आणि त्याने ते तोंडातच दाबलं. आपट्याने मागे वळून पाहिलं. "हसा की," तो म्हणाला. "ती हसतेच आहे. तुम्ही काय तोंडं पाडून बसलात?"

आधी एकटादुकटा हसला, मग चारजण, मग सगळे. लेक रडत होती आणि तीही हसत होती. आपट्या हसला नाही आणि रडला नाही. चपलेचा एक बंद सुटलेला दिसत होता, तो त्याने पाहिला. डबा जुना होता, बाजूला दुमडायच्या कड्या असलेला, तो पाहिला. ती त्या वेळी किती बारीक होती, तेही पाहिलं. छातीत काहीतरी सरकेल म्हणून तो वाट बघत थांबला, जसं दारावर थाप मारून माणूस थांबतो. आत कोणी उठल्याची चाहूल नव्हती. पण घर रिकामं आहे असंही त्याला पहिल्यासारखं वाटेना.

सिनेमा संपल्यावर पोरांनी त्याला गराडा घातला. त्याने जमेल तेवढी उत्तरं दिली. निघताना तो चष्मेवालीला म्हणाला, "खुर्च्या फार वाईट आहेत तुमच्या. माणूस हसणार कसा यावर बसून?" पुढच्या रविवारी तो हातगाडीवर बसायच्या छोट्या गाद्या घालून घेऊन आला, पोरं नको नको म्हणत असताना त्या खुर्च्याखुर्च्यांवर घातल्या, आणि त्या दिवशीचा सिनेमा बघायला थांबला. त्यात बायको नव्हती. तोही नव्हता. तरी शेवटपर्यंत बसला.

मग तो दर रविवारी जाऊ लागला. बरं वाटतं म्हणून जातो का, असं कुलूपवाल्याने विचारलं तेव्हा म्हणाला, "बरं असं नाही. पण तिथे दुपार जाते." लेकीने बाईच्या उडीचा तेवढा तुकडा स्वतःच्या फोनमध्ये घेतला होता. त्याने तो कधी मागितला नाही आणि तिने आपणहून दाखवला नाही. रडा म्हणायचंही तिने सोडून दिलं.

एका रविवारी दोघं बसने परत येत होते. खिडकीबाहेर दुकानं बंद होत होती. लेकीने विचारलं, "बाबा, आईची आठवण येते?"

त्याने विचार केला. घाईघाईने उत्तर द्यायचा त्याचा स्वभाव नव्हता.

"अजून नाही आली," तो म्हणाला. "येईल."

मग त्याने तिला कोपराने हलकेच ढोसलं, कारण त्यांचा स्टॉप आला होता, आणि घरातले बटाटे संपले होते.